वळणावरची मोकळी फट

माणूस जातो, पण त्याचं काम मागे उरतं. काशिनाथ म्हात्रे गेले त्या आठवड्यात आमच्या नकाशा कार्यालयातल्या शोकसभेत साहेबांनी हे वाक्य दोनदा उच्चारलं. दोन्ही वेळा ते खरं होतं, आणि अडचण नेमकी तीच आहे.

बातमी मला त्यांच्या शेजाऱ्याने फोनवर दिली. सकाळी चहा घेता घेता गेले. मी एवढंच विचारलं, "बायला कळलं?" बाय म्हणजे त्यांची थोरली बहीण, विधवा, शिरवण्यात एकटी राहणारी. लेख म्हात्र्यांवर आहे, पण बायच्या घराशिवाय तो लिहिता येत नाही...

सत्तरच्या दशकात नवं शहर अजून कागदावरच वसत होतं. म्हात्रे ड्राफ्ट्समन, मी तपासनीस. शिरवण्याजवळून पाण्याची मोठी पाइपलाइन जायची होती आणि तिच्या दोन्ही अंगांना पंधरा-पंधरा मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा होता. पट्ट्यात घर आलं की ते जाणार. काम तसं सोपं. रेषेच्या प्रत्येक सरळ तुकड्याला दोन्हीकडे समांतर रेघा मारायच्या. मात्र रेषा जिथे वळते, तिथे बाहेरच्या अंगाला दोन पट्ट्यांच्या मध्ये पाचरीसारखी फट उरते. ती कंपासने कंस मारून बुजवायची असते, कारण तिथली जमीनही पाइपापासून पंधरा मीटरच्या आतच असते. म्हात्र्यांनी सगळी वळणं बुजवली, एक सोडून. त्या फटीत बायचं घर होतं. मी नकाशा तपासून सही केली. फट मला दिसली नाही, असं मी इतकी वर्षं सांगत आलो आहे... पाइपलाइन आली, घर राहिलं. त्या पाण्याचा नळ मात्र बायच्या दारात कधी आला नाही.

मग गेल्या वर्षी कार्यालयात कॉम्प्युटर आला. त्याला एसी खोली, हार, नारळ आणि साहेबांचं एकविसाव्या शतकावरचं भाषण मिळालं. माणसांना पंखे होते, त्यातला एक चालत होता. जुने नकाशे यंत्रात भरायचं ठरलं आणि त्या पाइपलाइनचे आकडे टाइप करायला म्हात्र्यांनाच बसवलं. पट्टा आता यंत्र आखणार होतं. रेषा द्या, अंतर द्या, बटण दाबा. म्हात्र्यांनी दाबलं, आणि ते वळण गोल, गुळगुळीत भरून आलं. त्यांनी पुसून पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदाही तेच.

"यो एक कोपरा सोडता येत नाय का?" त्यांनी यंत्र शिकवायला आलेल्या इंजिनीअरला विचारलं.

"अंकल, बरोबर आहे ते. टेन्शन कशाला घेता?"

"बरोबर हाय म्हनूनच इचारतो."

नोटीस निघाली. बाय ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून थेट आमच्या टेबलांपाशी आली.

"काशा, माज्या घरावर तू गोल मारलास?"

"मी नाय गो बाय. मशीननं."

"मंग मशीनला सांग ना, ही माजी बहीन हाय."

म्हात्रे माझ्याकडे पाहू लागले, मी फाइलीकडे. नव्या नकाशावरही तपासनीस म्हणून माझीच सही होती, आणि या खेपेला नकाशा अचूक होता. म्हात्र्यांनी दोन अर्ज केले. उत्तर एकच आलं, नकाशात दोष नाही. तिसरा अर्ज लिहायला घेतला होता... घर अजून उभं आहे. नोटिशीची मुदत या महिनाअखेर संपते.

परवा त्यांचं टेबल आवरताना जुनी मोजणीवही सापडली. तिरकं, टोकदार अक्षर. पानापानावर बोटांचे शाईचे डाग. त्या वळणाच्या आकड्यांसमोर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'जागेवर जाऊन पुन्हा मोजणे.' हा शेरा त्यांनी तेव्हा लिहिला की मागाहून, ते सांगायला आता कोणी नाही. पण पुन्हा मोजायचं म्हटलं तर निदान मुदत तरी वाढेल, असं वाटून मी वही घेऊन साहेबांकडे गेलो. साहेबांनी चष्मा लावून शेरा दोनदा वाचला, मान डोलावली आणि खाली हिरव्या शाईत लिहिलं, 'संबंधितांनी तातडीने कार्यवाही करावी.' शिपायाने वही नेऊन म्हात्र्यांच्या टेबलावर ठेवली आहे.