समुद्र आढळून आला नाही

मानवतहून समुद्रावर जायला किती वेळ लागतो? आम्हाला तीन तास लागले. पाथरीला एसटी बदलली, सेलूला चहा घेतला आणि जीपनं देवगाव फाट्याला उतरलो. एवढ्या वेळात समुद्र गाठणारं मराठवाड्यातलं आमचं पहिलंच जोडपं असावं.

याचं श्रेय आमच्या सरांचं. सर म्हणजे माझे यजमान. हायस्कुलात भूगोल शिकवतात, म्हणून घरीही सरच. चोवीस वर्षांपूर्वी भर मांडवात त्यांनी उखाणा घेतला होता: ‘मानवतच्या कापसाला कोकणचा नारळ, सुनंदेला दाखवीन समुद्र, शब्द माझा सरळ.’ टाळ्या पडल्या. पुढे दोन पोरं झाली, घराचा वरचा मजला झाला, समुद्र तेवढा राहिला. मी फॉल-पिको करते. निळी साडी मशीनखाली आली की मी हटकून म्हणायची, “ओ सर, लाटा बघा!”

यंदा धाकटा शिकायला बाहेर गेला आणि सरांनी मोबाईलवर जाहिरात दाखवली. बीच रिसॉर्ट, जोडप्यांना सवलत, नाश्ता-जेवण त्यातच. पत्ता वाचायच्या आधीच मी माळ्यावरून बॅग काढली. पत्ता कळला तोवर साड्या भरून झाल्या होत्या आणि सर बाहेर पायात चपला घालून उभे होते.

जीपमध्ये शेजारी वांग्यांची पाटी घेतलेल्या एक मावशी होत्या.

“कुठं जायलात?”

“समुद्रावर,” सर म्हणाले.

मावशींनी दोन्हीकडे पाहिलं. दोन्हीकडे कापूस.

“लय लांब हाय की मग. अन् गाडी तर उलटी जायलीय!”

फाट्यावर रिसॉर्टचे मालक बबनराव स्वतः घ्यायला आले होते. त्यांच्या रानात भलंमोठं शेततळं, त्यात निळं प्लास्टिक, काठाला वाळू, वाळूत चार रंगीत छत्र्या आणि एक प्लास्टिकचं नारळाचं झाड. तळ्यात मोटार बसवली होती. ती सुरू केली की पाणी हलायचं, त्या लाटा. लाइट गेली की समुद्र थांबायचा. आणि आमच्याकडे लाइट कधी जाते हे सांगायला भूगोल शिकावा लागत नाही.

खोटं कशाला बोलू, मजा आली. मी न थापलेली भाकरी खाल्ली, वर येसराची आमटी (भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची). दुसऱ्यानं केलेला चहा दोनदा प्यायले. पाण्यात पाय सोडून बसलो. सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. त्यांच्या पोटऱ्या भर उन्हात मी पहिल्यांदाच पाहिल्या. मग त्यांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाले, “झालं ना? दाखवला समुद्र.”

हा माणूस थट्टा करत नव्हता. उखाणा फिटला, असं त्याला खरंच वाटत होतं. आता पुन्हा कुठल्या तोंडानं समुद्र मागायचा? मला रडू आलं. प्लास्टिकच्या नारळाकडे बघत मी ते गिळलं आणि म्हणाले, “बघू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खात होतो, तेवढ्यात तलाठी आले. आमच्याकडे वाळू म्हणजे काय चीज आहे, ते बाहेरच्यांना कळायचं नाही. घर बांधायला नदीतली ट्रॅक्टरभर वाळू आणायची तर आधी कागद लागतो. इथं ती लोळायला पसरली होती.

“वाळूचा परवाना दाखवा,” तलाठी म्हणाले.

“साहेब, वाळू न्हाई ही. बीच हाय,” बबनराव म्हणाले.

“बीच हाय तर समुद्र कुठं हाय?”

“ह्यो काय!” बबनरावांनी तळ्याकडे हात केला. नेमकी लाइट गेली आणि समुद्र थांबला.

वाळू मोजायला तलाठ्यांना टेप सापडेना. माझ्या पर्समध्ये शिवणाची होती, ती मी दिली. मग पंचनाम्याला पंच हवे झाले. गिऱ्हाईक म्हणून आम्ही दोघंच. बबनरावांनी सरांपुढे हात जोडले.

“सर, तुमी भूगोलाचे मास्तर. तुमीच सांगा, समुद्र हाय का न्हाई?”

हो म्हटल्यानं त्यांचा बीच वाचणार नव्हता, पण माझा समुद्र कायमचा बुडणार होता. सरांनी तळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

“न्हाई,” सर म्हणाले. “शेततळं हाय हे.”

सरकारी माणूस समोर नसता तर मी त्यांना तिथंच मिठी मारली असती. सरांचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून तलाठ्यांनी सांगितलं आणि त्यांनीच लिहिलं: ‘समक्ष पाहणी केली असता सदर ठिकाणी समुद्र आढळून आला नाही.’ खाली पंच म्हणून दोघांच्या सह्या. कागद जायच्या आधी मी त्याचा फोटो काढला.

घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, “दिसला का गं समुद्र?”

“आढळून आला न्हाई,” मी म्हणाले आणि कुलूप काढलं.

तो फोटो मी छापून आणला आणि लग्नाच्या अल्बममध्ये लावला. सरांनी तो पाहिला. जेवण झाल्यावर त्यांनी शाळेचा नकाशा जमिनीवर पसरला आणि माझ्याकडे टेप मागितली. मानवतपासून किनाऱ्यापर्यंत चार इंच भरले.

बॅग मी अजून माळ्यावर टाकलेली नाही.