बाटलीतली गाठ

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. करणी, नजर, उतारा... माझ्यासमोर कोणी हे विषय काढले की मी सरळ उठून जाते. आणि किळस म्हणाल, तर आमची नवापूरला पोल्ट्री आहे. मेलेल्या कोंबड्या मी हाताने उचलते. तेव्हा खाली ‘घाबरट दिसतेय’ असं कोणी लिहू नये.

माझी धाकटी बहीण सुनंदा कोरीटला दिलेली. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. पाळीत इतकं अंगावरून जायचं की पांढरीफटक पडायची. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली, मोसंबीएवढी. तिच्या सासूबाईंचं एकच टुमणं — “पिशवीच काढी टाका. इतला वरीस व्हई ग्यात, काय कामनी शे ती?” सुनंदा नुसती रडायची. तिला मूल हवं होतं, बाकी काही नाही. शेवटी मीच भांडून तिला नंदुरबारला एका डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, दुर्बिणीने फक्त गाठ काढू, पिशवी शाबूत राहील.

ऑपरेशन सकाळी झालं. काढलेली गाठ नातेवाइकांना दाखवायची पद्धत असते. सासूबाईंनी नाकाला पदर लावून भिंतीकडे तोंड फिरवलं, म्हणून मी पुढे झाले. ट्रेमध्ये गाठ नव्हतीच, पट्ट्या होत्या. एवढ्याशा छिद्रातून बाहेर काढायची म्हणून पोटातच मशीनने तिचे तुकडे करतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. पांढुरक्या, चिवट, रक्ताने बुळबुळीत झालेल्या पट्ट्या... एकमेकींवर पडलेल्या.

त्या पट्ट्या तपासणीसाठी सुरतच्या लॅबमध्ये मीच नेणार होते. सिस्टरने बरणी मागितली. आमच्याकडे कुठली बरणी? गडबडीत मी पिण्याच्या पाण्याची बाटली रिकामी करून दिली. “याचं तोंड केवढंसं आहे, ताई,” म्हणून सिस्टर करवादली. पण चिमट्याने एकेक पट्टी तिने आत सोडली, वर कुजू नये म्हणून फॉर्मालिन ओतलं आणि सुनंदाच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

सुनंदा अर्धवट शुद्धीत होती. “ताई, मन्ही पिशवी ऱ्हायनी ना?”

“ऱ्हायनी, बाई. झोप आते.”

दुपारच्या गाडीने निघाले. बाटली कापडी पिशवीत, पिशवी मांडीवर. कोणाला हात लावू दिला नाही, जागची उठले नाही, डुलकीसुद्धा काढली नाही. समोरची बाई शेव-मुरमुरे खात होती आणि मी त्या औषधाच्या वासाने तोंड खिडकीला लावून बसले होते. आधी गाडी हलली की बाटलीत नुसतं डुचमळायचं. नवापूर मागे पडल्यावर मात्र मांडीला टणक ठोका बसायला लागला. एकच, जड. पिशवी उघडून बघायची माझी हिंमत झाली नाही.

लॅबमधल्या माणसाने बाटली उजेडात धरली आणि माझ्याकडे बघत राहिला. “बेन, आ अंदर केवी रीते नाख्युं?” हे आत घातलं कसं, असं विचारत होता. आत अख्खी गाठ होती. गोल, मोसंबीएवढी. त्या बाटलीच्या तोंडातून लिंबूसुद्धा गेलं नसतं.

त्याने कात्रीने बाटली कापली. गाठ थपकन ट्रेमध्ये पडली... शी! सुरीने उभी चिरली तर कच्च्या पपईसारखा करकर आवाज. कुठे जोड नाही, सांधा नाही. मी बाहेर जाऊन गटारीवर वाकून ओकले.

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, बाटली बदलली असेल. कशी बदलेल? बाटली माझी, चिठ्ठी त्यांच्या सिस्टरची. परत आल्यावर त्यांनी ऑपरेशनचा व्हिडिओ दाखवला. त्यात मशीन गाठ सोलतंय, पट्ट्या निघताहेत, सगळं स्पष्ट आहे. रिपोर्टही साधा आला, कॅन्सर वगैरे काही नाही. पण गाठ अख्खी झाली कशी? कोणाकडे उत्तर असलं तर कृपा करून लिहा, पण ‘मनाचे खेळ’ म्हणू नका.

घरी मी चकार शब्द काढला नाही. सासूबाईंच्या कानावर गेलं असतं तर ‘जुडी गयी, म्हणजे परत येई’ म्हणत त्यांनी पिशवी काढायलाच लावली असती.

या गोष्टीला वर्ष झालं. सुनंदाला आता सहावा महिना चालू आहे. बाळ चांगलं आहे, सासूबाई स्वतः तिला ताट वाढून देतात. परवा कोरीटला गेले होते. तिने माझा हात ओढून पोटावर ठेवला. “ताई, देख, लाथा मारी ऱ्हायनं.” हाताला ठोका बसला. एकच, जड. मी हसले. मग मोरीत जाऊन तो हात साबणाने घासत बसले, कातडी लाल होईपर्यंत. माझ्याच बहिणीचं बाळ, आणि मला किळस येत होती. बाहेर ती शेजारणीला सांगत होती, “ताई नही ऱ्हाती ते हाई बाळबी नही ऱ्हातं.”