साडूंचा ब्राँझचा पैलवान

रोमच्या संग्रहालयात बसून असलेल्या एका ब्राँझच्या माणसाचे कान नेमके किती आणि कुठे सुजलेले आहेत, हे अख्ख्या सांगली जिल्ह्यात एकच माणूस सांगू शकेल, आणि तो माणूस माझा साडू आहे. याचा मला अभिमान वाटावा की लाज, हे पंधरा वर्षांत माझं ठरलेलं नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला विश्रामबागेत, आणि हयात गेली साखर कारखान्याच्या लॅबमध्ये, केमिस्ट म्हणून. परमुलूख म्हणून ते विजापूरच्या पुढे कधी गेले नाहीत. अशा माणसाला प्राचीन ग्रीक ब्राँझशिल्पांचा नाद कुठून लागला, असं कोणी विचारलं, की ताई, म्हणजे माझी ही थोरली मेहुणी, "दाढेमुळं" एवढंच सांगतात आणि चहा टाकायला आत जातात.

ते अक्षरशः खरं आहे. दाढ काढायला गेले असताना दवाखान्यातल्या बाकावर त्यांना एक जुनं इंग्रजी मासिक सापडलं. त्यात त्या पुतळ्याचा पानभर फोटो होता. दोन हजार वर्षांहून जुना ग्रीक मुष्टियोद्धा. दगडावर बसलाय, हाताला चामड्याच्या पट्ट्या, नाक फुटलेलं, कान मोडलेले, जखमांच्या जागी रक्त दिसावं म्हणून लाल तांबं बसवलेलं. आणि मान वळवून तो वर कोणाकडे तरी बघतोय. नंबर पुकारला तेव्हा साडू म्हणाले, "जरा थांबा." दुसऱ्यांदा पुकारला तेव्हाही हेच म्हणाले. तिसऱ्यांदा पुकारला तोवर ते मासिक काखेत मारून घरी पोचले होते. दाढ आजही तिथेच आहे. ठणकते अधूनमधून, पण तिच्यासाठी त्यांना सवड मिळत नाही.

त्यानंतर या माणसानं आम्हा नातेवाइकांना जे शिकवलं त्याला तोड नाही. ब्राँझचे पुतळे आतून पोकळ असतात आणि ते मेणाच्या साच्यातून कसे ओततात, हे त्यांनी एका चतुर्थीला भरल्या पंक्तीत उकडीचा मोदक हातात धरून सांगितलं. "हे आतलं सारण म्हणजे माती समजा. ही वरची पारी म्हणजे मेण. आता पारी वितळून गेली. त्या जागी धातू आला." पंक्तीतल्या कोणालाही पारी वितळून जायला नको होती. तूप थिजायला लागलं तशा ताई म्हणाल्या, "अहो, आधी खाऊ द्या त्यांना, मग ओता काय ओतायचं ते." देवळात गेले तर ते घंटा वाजवत नाहीत, टिचकी मारून तिला कान लावतात. मागच्यांना वाटतं, देव यांच्याशी काही खाजगी बोलतोय. माझ्या मुलीच्या लग्नात तर कहर झाला. ग्रीक पुतळे एका पायावर भार घेऊन दुसरा गुडघा सैल सोडतात, त्यामुळे धातूत जीव येतो, असं त्यांचं मत. ते त्यांनी स्टेजवर चढून नवऱ्यामुलाला ऐकवलं. "जावईबापू, भार उजव्या पायावर. डावा गुडघा सोडा." मुलगा बिचारा सालस. अल्बममधल्या प्रत्येक फोटोत तो साताऱ्याच्या स्टँडवर गाडी चुकल्यासारखा उभा आहे.

या सगळ्या खटाटोपाचं शेवटी एक पुस्तक व्हायचं होतं. मराठीत, त्या एकाच पुतळ्यावर. चौदा वह्या भरल्या होत्या. त्यात धातूचं प्रमाण होतं, चामड्याच्या पट्ट्यांच्या गाठी होत्या, पायाच्या बोटांवर अख्खं प्रकरण होतं. अडलं होतं ते शेवटच्या प्रकरणापाशी. हा माणूस जिंकलाय की हरलाय? आणि वर बघतोय ते कशासाठी? परदेशातले पंडित म्हणे यावर एकमेकांशी भांडतात. "हे कळल्याशिवाय मी छापायला देणार नाही," असं साडूंनी जाहीर केलं. तोवर त्यांना पंचाहत्तरी लागली होती, छातीत स्टेंट बसला होता आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली होती. ताईंनी एकदा मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. हळूच म्हणाल्या, "भावोजी, काही करून हे पुस्तक होऊ दे. त्या वह्या तशाच राहिल्या ना, तर मागं मी त्यांचं काय करायचं हो?" एरवी साडूंची टर उडवण्यात त्यांचा पहिला नंबर. त्या दिवशी मात्र डोळ्यांत पाणी होतं.

म्हणून मी महिन्यातले एक-दोन रविवार साताऱ्याहून एसटीनं सांगलीला यायला लागलो आणि साडूंची गाडी चालवायला लागलो. आम्ही जायचो ते कृष्णाकाठच्या एका खेड्यात, आबांकडे. आबा म्हणजे पंच्याऐंशी ओलांडलेले जुने पैलवान. त्यांचे कान त्या पुतळ्यासारखेच मोडलेले आहेत, असं साडूंना कोणीतरी सांगितलं होतं. पहिल्या दिवशी आबांनी कपाळावर हात धरून साडूंना निरखलं. "आवं, तुमी कारखान्याचं केमिस्ट न्हवं? आमच्या उसाचा साखर उतारा तुमीच कमी दावला हुतासा." साडूंचं तिकडे लक्षच नव्हतं. ते खिशातून भिंग काढत म्हणाले, "आबा, कान बघू का जरा?" आबांना आजवर लोकांनी कुस्त्या विचारल्या होत्या, डाव विचारले होते, खुराक विचारला होता. कानांसाठी कोणी आलं नव्हतं. त्यांनी मुंडासं काढून कान पुढे केला. अर्धा तास साडू भिंगातून तो कान न्याहाळत होते.

तेव्हापासून दोघांची गट्टी जमली. साडू ग्रीक पुतळ्यांचे मोठाले फोटो न्यायचे आणि आबा ते आखाड्यात आलेल्या पोरांसारखे तपासायचे. समुद्राच्या तळातून निघालेल्या एका देखण्या तरुणाला बघून ते म्हणाले, "रूप लय हाय, पर मांडी न्हाई. दूध कुनी बंद केलंय ह्याचं?" मग रथ हाकणारा सारथी आला. अंगात पायघोळ झगा, हातात लगाम, पण रथही नाही आणि घोडेही नाहीत. आबांनी विचारलं, "घोडी कुटं हायती?"

"ती हरवली, आबा. नुसता हाच सापडला."

"आन् कासरा तेवढा धरून हुबा ऱ्हायलाय? आसली मानसं आमच्या गावात बी हायती, केमिस्ट."

साडूंनी हेसुद्धा वहीत उतरवून घेतलं. मुष्टियोद्ध्याचा फोटो मात्र ते पिशवीत तळाशी ठेवायचे. आबा काय म्हणतील याची त्यांना धास्ती होती. शेवटी एका रविवारी काढला. आबा बराच वेळ बघत राहिले. साडूंनी घसा खाकरून विचारलं, "आबा, हा जिंकलाय की हरलाय?"

"लगेच कसं सांगू? फोटू ठिवून जा."

पुढच्या खेपेला उत्तर मिळालं, "आजून बगतोय." त्याच्या पुढच्या खेपेला आबा अंथरुणावर होते. दम लागत होता, सुनेनं जास्त बोलू नका म्हणून सांगितलं. परतताना साडू गाडीत सारखे म्हणत होते, "बरे व्हायला पाहिजेत हो. बरे व्हायलाच पाहिजेत." त्यांना आबांची काळजी होती की उत्तराची, असं काहीतरी वाईट माझ्या मनात येऊन गेलं. पण पुढच्या वेळी मी काही न सांगताच त्यांनी पिशवीत एकही फोटो घेतला नाही. घेतले ते दोन डबे, ताईंनी केलेले डिंकाचे लाडू.

त्या दिवशी विषय आबांनीच काढला. उशाखालून फोटो ओढला आणि सुनेला उठवून बसवायला सांगितलं. "केमिस्ट, मी एकदा गावच्या जत्रंत पडलो. आमचा बा फुडं बसलेला, पिवळा फेटा घालून. त्यानं माज्यासाटनं म्हस पाळली हुती, सोता ताक पिऊन मला दूद पाजलं हुतं. पाट टेकली, आन् आदी काय केलं आसंल तर वर बगितलं. पिवळा फेटा कुटं हाय ते." ते थांबले. दम घेतला. "न्हवता. उठून गेल्ता."

साडूंच्या हातात वही होती, पण पेन खिशातच राहिलं.

"फुडं लय कुस्त्या मारल्या मी. बा पुन्ना आला न्हाई बगायला. पर हलगी थांबली की मान आदी तिकडंच वळायची. जितलो तरी, पडलो तरी. तवा त्यो जितला का हरला ते नगा इचारू. आपलं मानूस बसलंय का उठून गेलं, येवडंच बगतोय त्यो."

परतताना सांगलीच्या पुलावर साडूंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "माझ्या चौदा वह्यांत हे कुठंच नाही." शेवटचं प्रकरण त्यांनी आठ दिवसांत लिहिलं. आबांना ते वाचून दाखवायचं राहिलं. कारखान्याचा हंगाम संपता संपता आबा गेले.

पुस्तक छापून झालं. प्रकाशन विश्रामबागेतल्याच एका छोट्या सभागृहात, रविवारी संध्याकाळी. खुर्च्या बऱ्याच मांडल्या होत्या, माणसं पंधरा-वीस. चहा झाल्यावर त्यातलीही निम्मी उठली, आणि ताई बाहेर चहाचे कप मोजून परत देत होत्या. साडू शेवटचं प्रकरण वाचत होते, आणि ते वाईट वाचतात, हे मान्य केलं पाहिजे. एकसुरी, केमिस्टनं रिपोर्ट वाचावा तसं. मला साडेसहाची सातारा गाडी गाठायची होती. बॅग हातात, मी कडेच्या खुर्चीवरून निम्मा उठलेला. तेवढ्यात एक पान संपलं. ते उलटायच्या आधी साडूंनी मान वर केली आणि चष्म्यावरून खुर्च्यांकडे बघितलं. पुढच्या दोन रांगा रिकाम्या होत्या. त्यांची नजर त्या ओलांडून हळूहळू मागे यायला लागली. पंधरा वर्षं मी या माणसाची मनसोक्त चेष्टा केली आहे. पण त्या वेळी मी बॅग खुर्चीखाली सरकवली आणि नीट मागे टेकून बसलो.

त्यांनी मला बघितलं. मग पान उलटलं.