ठकुबाई सांगेल तेव्हाच उठायचं

माझं वजन चारचौघांत पुकारून सांगणारी पहिली बाई म्हणजे ठकुबाई. त्र्याऐंशी साली माझी बदली खाडीपलीकडच्या एका शाळेत झाली. भिवंडीहून अंजूरपर्यंत रिक्षा, तिथून तिवरांमधली चिखलवाट आणि पुढे तर, म्हणजे माणसांची ने-आण करणारी होडी. पहिल्याच दिवशी मी इस्त्रीची साडी सावरत होडीच्या टोकाला, वारा लागेल अशी ऐसपैस जागा धरली. मागून आवाज आला, "ओ मास्तरीनबाय, तुमचा वजन जड हाय. मधी बसा!"

मी ब्राह्मण आळीत वाढलेले. आमच्याकडे असल्या गोष्टी "जरा अंगाने भरलीय हो" अशा गोड शब्दांत आणि पाठीमागे बोलतात. मी रागाने वळून पाहिलं. काष्टा घातलेली, उन्हाने रापलेली एक काटक बाई हातात लांब बांबू घेऊन उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर ओशाळल्याची खूण नव्हती. मी मुकाट्याने मधे बसले. माझ्या जागी टोकाला तिने पोस्टमनला पाठवलं, "तुम्ही जा थय, तुमचा काय वजनच न्हाय" म्हणून. तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त दुखावला.

पुढे रोजची ये-जा सुरू झाली आणि माझा राग हळूहळू उतरला, कारण तिच्या तोंडाच्या तडाख्यातून कुणीच सुटत नव्हतं. एकदा सरपंच आले. त्यांना वाटलं, आता आपल्याला मानाची जागा मिळणार. ठकुबाईने त्यांना डाव्या अंगाला बसवलं आणि तोल साधायला उजव्या अंगाला बाजाराला निघालेले दोन बोकड उभे केले. सरपंच खाडी पार होईपर्यंत बोकडांकडे बघत होते आणि बोकड त्यांच्याकडे. नारपोलीच्या पॉवरलूमवर रात्रपाळी करून येणारा एखादा कामगार झोपेत उभा राहिला, की तिची हिंदी सुरू व्हायची, "ए भैया, खडा नै रैने का! घर जाके खडा रै!"

तिचा खरा कायदा मात्र एकच होता. होडी काठाला लागली तरी कुणी उठायचं नाही. ती आधी बांबू चिखलात रोवणार, दोर खुंट्याला बांधणार, मग एकेकाकडे बोट दाखवून "ऊठ" म्हणणार. त्याआधी जो उठेल त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. होडीत फळीखाली तिने तोंड बंद केलेले तेलाचे रिकामे डबे आणि ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब ठेवलेली असे. बुडणाऱ्याला तेवढा आधार पुरतो, असं ती सांगायची.

हा कायदा कुठून आला, ते मला तिने एका दुपारी भरतीची वाट बघताना सांगितलं. तिचा नवरा हीच होडी चालवायचा. एका जत्रेहून परतताना होडी काठाशी आली आणि घाईने सगळे एकदम उठले. होडी कलंडली. त्याने बाकीच्यांना एकेक करून काठाला लावलं आणि शेवटी तो स्वतः उलट्या होडीखाली सापडला. "मानसा पान्यानं न्हाय मरत बाय," ती म्हणाली, "उतरायच्या घाईनं मरतात." तेव्हा तिची कमळा पाळण्यात होती. नवऱ्याचे दिवसकार्य झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात तिने बांबू हातात घेतला. हे ऐकताना मला रडू आलं, तर मलाच म्हणाली, "रडू नका, होरीत आधीच पानी हाय."

ही कमळा मोठी झाली ती आईच्या अगदी उलट. मऊ बोलायची, मान खाली घालून चालायची. शहाऐंशीच्या वैशाखात तिचं लग्न ठरलं, पलीकडच्या गावातल्या दौलतशी. मुलाचे वडील केसरीनाथ म्हणजे मोठं प्रस्थ. भातशेती, मिठागर, पांढरीशुभ्र टोपी आणि त्याहून मोठा मानपान. सुपारी फुटली त्या दिवशी त्यांना चहा दुसऱ्यांदा विचारला नाही, म्हणून ते तासभर ओटीवर गप्प बसले होते.  कमळाने आईला देवासमोर उभं केलं आणि हळद हातावर ठेवून शपथ घातली, "आये, लग्नाच्या दिशी तू तोंड उघडायचा न्हाय. एक शबुद न्हाय. इवायाला काय बोललीस, त माझा लगीन मोडंल."

ठकुबाईने शपथ घेतली. मला तर ही बातमी खाडी आटल्यासारखी वाटली. मी सगळ्या शाळेला सांगितली आणि मुख्याध्यापकांसकट कुणाचा विश्वास बसला नाही.

लग्नाला मी होतेच. मांडव काठाजवळच घातला होता. मुलीच्या आईने वऱ्हाड आणायला जाणं रीतीत बसत नाही, म्हणून होडी ठकुबाईचा पुतण्या काळूराम घेऊन गेला. होडी पताकांनी सजवली होती. फोटोत बरं दिसत नाही म्हणून काळूरामने डबे आणि ट्यूब काढून मांडवामागे, चुलीपाशी टाकली होती. ठकुबाईने ते पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं, आणि पदराचं टोक दातात धरून ती ओवाळणीचं ताट घेऊन काठावर उभी राहिली. मी शेजारी होते. 

भरती चढली होती. पलीकडून वाजंत्री ऐकू आली आणि होडी दिसली. ती बघून माझ्यासारखीच्याही लक्षात आलं, की भरणा वजनाने नाही, मानाने केलाय. टोकाला केसरीनाथ, त्यांच्याशेजारी नवऱ्या मुलाचे मामा, मग गावचे पुढारी, सगळे खाऊनपिऊन सुखी. मधल्या मानाच्या नसलेल्या जागेत बायका, मुंडावळ्या बांधलेला दौलत आणि त्याची आई धोंडूबाई. मागे एकटा काळूराम, वाळल्या काटकीसारखा. होडीचं नाक पाण्याला टेकत होतं.

त्यात आमच्या भागातली एक रीत. वऱ्हाडातला जो पहिला काठावर पाय ठेवतो, त्याला मुलीकडची पहिली टोपी. टोपीची किंमत काही नसते, पण पहिली कुणाला मिळाली हे वर्षभर बोललं जातं. काठ दहा हातांवर आला तसे मामा उठले. मामा उठले म्हणून केसरीनाथ उठले. ते उठले म्हणून पुढारी उठले. ढोलवाल्याला वाटलं, आता नाचायचं, म्हणून तोही उठून ढोल बडवू लागला. काठावरची धवलारीण, म्हणजे त्यांच्याकडे गाणी गाऊन लग्न लावणारी बाई, तिचं गाणंच तोंडात राहिलं.

ठकुबाईच्या घशाच्या शिरा ताणलेल्या मला दिसत होत्या. आवाज मात्र नाही. मला तिचा इतका राग आला! म्हटलं, बाई गं, जन्मभर नको तिथे बोललीस, आता बोल की! आणि तेवढ्यात मांडवातून हळदीची पिवळी साडी सावरत नवरी धावत बाहेर आली. मान वर, पदर खाली, आणि जन्मात काढला नसेल असा आवाज काढून कमळा ओरडली, "आये, वरड! वरड ना गो!"

मग जे सुटलं ते अंजूरच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू गेलं असेल. "बसा! बसा रं खाली! ए टोपीवाल्या रेड्या, बस! मामा, तू दोन मन वजनाचा हायस, बस! बायांनो, तळाला बसा, फळी सोडा, तळाला!" बायका धपाधप होडीच्या तळाशी बसल्या. दौलतही बसला, तो बहुतेक लहानपणापासून ऐकण्याच्या सवयीचा असावा. पुरुषमंडळी मात्र मान सोडून बसतील कशी? होडीचं नाक खाली गेलं आणि मामा, केसरीनाथ, पुढारी आणि ढोलवाला ढोलासकट खाडीत पडले. वजन हललं तशी होडी दोनदा भयंकर डोलली, पण बायका तळाला होत्या म्हणून कलंडली नाही.

ठकुबाईने ताट माझ्या हातात कोंबलं. "डबे आना!" म्हणून ती मांडवाकडे ओरडली आणि आचाऱ्यांनी ते चुलीपाशी टाकलेले डबे आणि ट्यूब फेकली. मामांनी डब्याला मिठी मारली, पुढाऱ्याने ट्यूबला. ढोलवाला आपल्या ढोलावरच आरामात तरंगत होता. "होरीला लटकू नका, होरी उलटंल!" हे ती पाण्यात शिरताशिरता सांगत होती. उरले केसरीनाथ. धोतर पायांत गुंडाळलेलं, तोंडात पाणी, आणि जवळ आलेल्या ठकुबाईच्या गळ्यालाच त्यांनी दोन्ही हातांनी विळखा घातला. बुडणारा माणूस असाच वाचवणाऱ्याला खाली नेतो. दोघं एकदा खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. मला वाटलं, संपलं. हातातलं निरांजन कधीच विझलं होतं.

दोघं वर आली आणि ठकुबाईने हात मोकळा करून व्याह्यांच्या थोबाडीत एक सणसणीत ठेवून दिली. विळखा सुटला. तिने त्यांना उताणं केलं, मागून सदऱ्याची कॉलर धरली आणि पोत्यासारखं ओढत काठाला आणलं.

कुणी गेलं नाही, कुणाला फार लागलंही नाही. पण मांडवात जी शांतता पसरली, ती पाण्यातल्या गोंधळापेक्षा वाईट होती. नवरीच्या आईने, दोन गावांसमोर, वरबापाच्या थोबाडीत मारली होती. मामा ओल्या कपड्यांत कुडकुडत म्हणाले, "हा लगीन व्हनार न्हाय. होरी मागं घ्या." कमळा खांबाला धरून उभी होती. तिचं रडणं आवाजाचं नव्हतं, नुसते खांदे हलत होते. ठकुबाई निथळत्या साडीने पुढे आली आणि तिने केसरीनाथांसमोर हात जोडले. तिला हात जोडताना मी पहिल्यांदाच पाहत होते आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

"चुकला माझा," ती म्हणाली. "माझ्या पोरीवर राग धरू नका."

"कं चुकला?" हा आवाज धोंडूबाईंचा. वरमाय होडीतून कोरडी उतरली होती. "ही वरडली म्हून मी बसली. बसली म्हून वाचली, माझा पोरगा वाचला. मना पवता येत न्हाय, या सगल्यांना ठाव हाय." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "आन ती थोबारीत मना कवाची द्यायची व्हती. जमला न्हाय." मांडवात कुणीतरी फिस्सकन हसलं. धोंडूबाई कमळाकडे बघत होत्या. "पोरगी मुकी हाय असा आयकला व्हता. तसा न्हाय वाटत. आता मना हीच सून पायजे."

सगळे केसरीनाथांकडे पाहू लागले. त्यांनी गाल चोळला. बराच वेळ चोळला. शेवटी म्हणाले, "पाय पहिला कोनाचा लागला काठाला?"

मामा आपल्या ओल्या पायांकडे बघू लागले.

"माझाच लागला," ते गंभीरपणे म्हणाले. "ओढीत आनला, पन माझाच. पहिली टोपी माझी."

टोपी आणली. ओल्या केसांवर ती घालून ते पाटावर बसले आणि धवलारणीने गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं. ढोल मात्र पाणी पिऊन फुगला होता, तो काही वाजला नाही.

संध्याकाळी वऱ्हाड परत निघालं. आता काळूरामच्या होडीत बसायला कुणी तयार होईना. धोंडूबाईंनी सरळ सांगितलं, इहीणबाई नेतील तरच आम्ही जातो. मुलीच्या आईने मुलीला सासरी स्वतः पोचवायचं, असं कुणी ऐकलं नव्हतं, पण त्या दिवशी रीती मोडायला सगळेच तयार होते. मला शाळेजवळ मैत्रिणीकडे राहायचं होतं, म्हणून मीही चढले. डबे आणि ट्यूब फळीखाली परत आली होती. ठकुबाई जोरात होती. मामा मधे, पुढारी मागे, मास्तरीणबाई नेहमीच्या जागी. केसरीनाथ न सांगता तळाशी जाऊन बसले. खाडीभर तिचं तोंड चालू होतं, सगळे हसत होते आणि कमळाही हसत होती.

पलीकडे काठावर नव्या सुनेला बघायला सगळं गाव जमलं होतं. होडी लागली. ठकुबाईने बांबू चिखलात रोवला, दोर खुंट्याला बांधला, दोनदा ओढून पाहिला. मग वळली. पहिलं उतरायचं ते नवरा-नवरीने. तिने हात वर केला, कमळाकडे बोट केलं आणि तशीच थांबली.

कुणी हललं नाही. दुपारी एकेकाने धडा घेतला होता. केसरीनाथ नवी टोपी सावरून गुडघे पोटाशी धरून बसलेले, मामा श्वास रोखून, काठावरची माणसं हाका मारतायत, आणि होडीत आम्ही सगळे त्या एका शब्दाची वाट बघत. तिचे ओठ हलले. शब्द येईना. मला हुंदका आवरेना आणि आवरायचाही नव्हता.

शेवटी कमळाच हळूच म्हणाली, "आये, उठू का?"

"बस गो," ठकुबाई म्हणाली. "अजून वाईच बस."