अण्णांचा हेडफोन

भिवंडीत शुक्रवारी कापडाचे लूम बंद असतात. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. पण आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, शुक्रवारीसुद्धा म्हणायचे, "मोठ्यानं बोल पोरी, लूम चालू हाय." लग्न होऊन मी नवीनच आले होते. मी आपली ओरडून बोलायचे आणि शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. सासऱ्यावर ओरडणारी सून! मला मेलीला लाज वाटायची, पण करते काय?

अण्णा लूमफिटर. चालत्या लूमपाशी कान नेऊन सांगायचे, "पट्टा सैल हाय," आणि तो सैलच निघायचा. त्या कानांवर आमचं घर चालायचं आणि त्यांचा तोराही. "डोळा फसतो, कान न्हाय फसत," हे त्यांचं पालुपद. लूमच्या खडखडाटानं तेच कान खाल्ले होते. हल्ली ते हात लावून दोष ओळखत आणि ऐकल्याचं सोंग करत. घरात सगळ्यांना कळत होतं, पण बोलायची कुणाची छाती नव्हती.

नव्वद सालच्या आसपास त्यांनी घरीच हेडफोन करायला घेतला. भोकं पाडलेल्या दोन पत्र्यांच्या मधे झुळझुळीत प्लास्टिकचा पडदा, त्यावर घासलेलं पेन्सिलीचं शिसं. जुन्या रेडिओच्या सामानातून अँप्लिफायर. पडद्याला शेकडो व्होल्ट द्यायचे, त्याला ते बायस म्हणत. कमी पडला तर आवाज मरतो, जास्त झाला तर पडदा पत्र्याला चिकटून ठिणग्या उडतात. "बायस म्हंजे भाजीतलं मीठ," ते सांगायचे, "चाखत चाखत घालायचं." अहो, पण चाखणारी जीभच गेली असेल तर?

एका शुक्रवारी हेडफोन दाखवायला त्यांनी इस्माईल शेठना बोलावलं. त्यांच्या कारखान्यात अण्णांचं वर्षानुवर्षांचं काम. कॅसेट लावली, हेडफोन स्वतःच्या कानाला चढवला आणि अण्णा बायसचा स्क्रू फिरवत गेले. आवाज येईना म्हणून आणखी फिरवला. भजी तळल्यासारखी तडतड आम्हाला दारापर्यंत ऐकू येत होती. करपल्याचा वास सुटला. अण्णा मात्र डोळे मिटून डोलत होते. "शेठ, कसा सुरात हाय बघा!"

आमच्या ह्यांना हसू आवरेना. "अण्णा, जळतंय ते! तुम्हाला ऐकू येत नाही?" म्हणत त्यांनी हेडफोन ओढून काढला.

"जाने दो अण्णा, होतं असं," म्हणत शेठ अर्धा चहा टाकून उठले. अण्णांनी सगळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मीही हसतेय का, ते बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जमिनीकडे बघत राहिले.

त्यानंतर ते कारखान्यांवर जाईनात. कुणी बोलवायला आलं की "अंगात कणकण हाय" म्हणून परत पाठवायचे. माझ्याशी बोलताना तोंड भिंतीकडे.

पुढे एक दिवस नवा पडदा बसवून, कॅसेट लावून त्यांनी मला हाक मारली. "तू घाल कानाला. तडतड आली की हात वर कर." ते स्क्रू फिरवत होते आणि डोळे माझ्या हातावर. मी हात वर केला. त्यांनी स्क्रू जरासा मागे घेतला. अगं बाई! गाणारीचा श्वास थेट माझ्या कानात आला. माझ्या चेहऱ्यावरूनच त्यांना ते कळलं. खूप दिवसांनी ते हसले.

दुसऱ्याच दिवशी मला घेऊन ते इस्माईल शेठच्या कारखान्यात गेले. लूम बंद करायला लावले. शिफ्टवरची सगळी माणसं गोळा झाली. सून कारखान्यात कशाला, म्हणून जो तो माझ्याकडे बघत होता. मी लाजेनं पदर पुढे ओढला. कुणी काही विचारायच्या आत अण्णाच बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "माझे कान गेलेत, शेठ. लूम ऐकायला हिला आणलीय."