लोंब्यांतली दोन तिकिटं

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. बसच्या रांगेत कोणी मध्ये घुसलं तर मी गप्प बसत नाही, आणि दुकानदाराने सडका बटाटा घातला तर तो त्याच्याच तराजूत परत ठेवून येते. पण भर मैदानात, गावासमोर, चक्क फादरवर मी आयुष्यात एकदाच ओरडले. त्याला कारण झाली जत्रेतल्या पाळण्याची दोन जुनी तिकिटं.

अंधेरीच्या पूर्वेला आमचं गावठाण. आम्ही ख्रिस्ती, घरात मराठी बोलणारे आणि पिढ्यान्‌पिढ्या भात लावणारे. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. ऑक्टोबरात भात पिवळं पडलं की आगेरा यायचा, म्हणजे नव्या पिकाचा सण. घराघरातून लोंब्यांची एकेक पेंढी देवळात जायची. फादर त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडायचे. त्यातल्या थोड्या लोंब्यांचे दाणे उखळात सडून त्याच दिवशी खिरीत घालायचे आणि उरलेली पेंढी घरातल्या अल्तारावर, मरियामातेच्या तसबिरीमागे, पुढच्या आगेऱ्यापर्यंत ठेवायची. आशीर्वाद दिलेली वस्तू टाकायची नाही, एवढं आम्हांला चालायला लागल्यापासून ठाऊक होतं.

त्याच शनिवार-रविवारी देवळाच्या मैदानात जत्रा भरायची. लाकडी घोड्यांचं चक्र असायचं, रिंग फेकायचा खेळ असायचा, उकडलेल्या शेंगा असायच्या. एका वर्षी मोठा आकाशपाळणा आला, इंजिनावर चालणारा. तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि भाऊ अकराचा. देवळाच्या कमिटीने त्या वर्षी तिकिटांच्या चोपड्या छापल्या होत्या, पिवळ्या कागदाच्या, एकेकीत सहा तिकिटं. बाबांनी आदल्या रविवारी देवळातली प्रार्थना, म्हणजे मिस्सा, संपल्यावर एक चोपडी घेतली आणि घरी येऊन आम्हांला वाटणी सांगितली. दोन मला, दोन भावाला, आणि शेवटची दोन त्यांची आणि आईची.

आई म्हणाली, "माझं नाव कशाला घालता त्यात?"

बाबा नुसते हसले. पण त्यांच्या मनात काय होतं ते आम्हांला ठाऊक होतं, कारण ते आठवडाभर तेच बोलत होते. सरकारची नोटीस आली होती. आमच्या आणि आसपासच्या शेतांवर कारखान्यांची वसाहत होणार होती. माणसं येऊन बांधांवर दगड रोवून गेली होती, त्यांच्यावर पांढरे आकडे घातले होते. उभं पीक कापायची मुदत मिळाली होती, तेवढंच. पुढच्या आगेऱ्याला शेत असणार नव्हतं.

"जन्म गेला त्या शेतात," बाबा म्हणायचे, "पण आपण ते अख्खं कधी बघितलंच नाय. आत उभं राहिलं की फक्त समोरचं भात दिसतं. पाळण्यावरून सगळं दिसेल. एकदा दोघं बसू आणि बघू."

शनिवारी संध्याकाळी मी आणि भावाने आमची चारही तिकिटं उडवली. दोन्ही वेळा पाळण्यातच बसलो. शेत बघायचं मला सुचलंसुद्धा नाही. मी सगळा वेळ भावाच्या दंडाला नखं रोवून बसले होते.

रविवारी सकाळी घोटाळा झाला. देवळात निघायची घाई होती. आईच्या लुगड्याला खिसा नाही, आणि बाबांच्या खिशावर तिचा विश्वास नव्हता. ते खिशातला रुमालसुद्धा महिन्याला एक हरवायचे. म्हणून तिने उरलेली दोन तिकिटं लोंब्यांच्या पेंढीत, दोरीखाली खोचली. मग मिस्साच्या गडबडीत ती काढायचं विसरली. पेंढी इतर पेंढ्यांबरोबर पुढे गेली, फादर आले, प्रार्थना झाली आणि पाणी शिंपडलं गेलं. घरी येऊन आईने दोरी सैल केली तर आत दोन ओली पिवळी तिकिटं. तिने कपाळावर हात मारून घेतला.

"अवो, तिकिटांना आशीर्वाद दिला फादरने!"

बाबा हसून हसून खाली बसले. "झकास झालं," म्हणाले. "आता भ्यायचं कारणच नाय. ही तिकिटं दाखवली तर सेंट पीटरसुद्धा स्वर्गाचं दार उघडेल."

पण संध्याकाळी पाळण्यापाशी गेल्यावर आई मागे सरली. एक तर तिला उंचीची भीती वाटायची. दुसरं म्हणजे ती लुगडं नेसायची, आणि खाली गावातले सगळे पुरुष माना वर करून उभे होते. "मी नाय बसायची," ती म्हणाली. बाबांनी आधी समजावलं. मग ते हळूच म्हणाले, "एकदाच बस गं. पुढच्या वर्षी काय बघणार आपण?" तरी ती नाहीच म्हणाली, आणि तेसुद्धा चारचौघांत, मोठ्याने. बाबांचा चेहरा पडला. मी आणि भाऊ लगेच, "मग आम्हांला द्या, आम्हांला द्या," म्हणून त्यांच्या हाताला लोंबकळलो. त्यांनी तिकिटं वर धरली.

"नाय. ही दोघांची आहेत."

ते एकटेही बसले नाहीत. घरी येऊन त्यांनी तिकिटं पुन्हा पेंढीत खोचली, आणि दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही.

दिवाळीच्या सुमाराला भात कापलं, आणि पुढच्या पावसाळ्याआधी शेतात मुरूम पडला. बाबा विमानतळावर सामान चढवायच्या कामाला लागले. आगेरा दर वर्षी येतच राहिला, फक्त आमच्या पेंढ्या आता वसईच्या मावशीकडून यायच्या. आई जुनी पेंढी सोडायची, त्यातली तिकिटं काढायची, पुसायची आणि नव्या पेंढीत खोचायची. ती टाकता येत नव्हती, आणि वापरायचं कोणी नाव काढत नव्हतं. एकदा भावाने विषय काढला तेव्हा बाबा म्हणाले, "आता वर बसून काय बघू? विजेचे खांब?" ते चिडून म्हणाले नाहीत, त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं.

आठ-नऊ वर्षांनी बाबा छातीच्या दुखण्याने गेले. तोवर भाऊ बोटीवर नोकरीला लागला होता, आणि मी त्याच कारखान्यांच्या वसाहतीत, औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायच्या कामावर होते. आईने वर्षभर काळं लुगडं नेसलं. वर्ष सरल्यावर आगेरा आला, तेव्हा देवळात जाहीर झालं की पुढच्या वर्षी मैदानावर शाळेची नवी इमारत उभी राहणार. म्हणजे जत्रा आणि पाळणा या वर्षी शेवटचे.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आईने तसबिरीमागून पेंढी काढली, दोरी सोडली आणि दोन तिकिटं माझ्यासमोर ठेवली. पिवळी कसली, चहाच्या रंगाची झाली होती.

"संध्याकाळी माझ्याबरोबर येशील?"

"कुठे?"

"पाळण्यात बसायला."

मी हसले, आणि हसल्याबद्दल मला लगेच स्वतःचाच राग आला. तिचा चेहरा अजिबात हसरा नव्हता. मी म्हटलं, "आय, ही आता कोण घेणार? मी नवीन काढते ना."

"नवीन नको. यांच्यावरच बसायचं. तुझ्या बापाने घेतलेली आहेत."

मला ते पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. मैदानात माझ्या कंपनीतल्या मुली असणार, आणि त्यांच्यासमोर आईबरोबर ते जुने कागद घेऊन हुज्जत घालायची! तरी गेले. टेबलावर गावातलाच मुलगा बसला होता, शाळेत माझ्यामागे दोन इयत्ता. त्याच्यापुढे गुलाबी तिकिटांचा गठ्ठा होता. त्याने आमची तिकिटं उलटसुलट करून बघितली.

"आंटी, ही कुठल्या जमान्यातली? ही नाय चालत आता. पण तुम्ही बसा ना! तुमच्याकडून तिकीट कोण मागतंय?"

"फुकट बसायला मी आले नाय," आई म्हणाली. "ही घे आणि फाड."

त्या मुलाची पंचाईत झाली. मागे रांग वाढायला लागली. मी हळूच पर्स उघडली तर आईने असं बघितलं की मी ती पुन्हा बंद केली. शेवटी कोणीतरी फादरना बोलावून आणलं. फादर नवे होते, तरुण आणि भले माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पेंढीची गोष्टसुद्धा. ऐकताना आजूबाजूची माणसं हसायला लागली. वाईट हेतूने नव्हे, पण हसली. फादरही हसले आणि तिकिटं आईच्या हातात परत देत म्हणाले, "आशीर्वाद दिलेली वस्तू फाडायची कशी? ही तुम्ही जपून ठेवा. आणि पाळण्यात खुशाल बसा, माझ्यातर्फे."

सगळ्यांना वाटलं, प्रश्न मिटला. कोणीतरी "चला आंटी, चला," म्हणून तिला पुढे सारू लागलं. आई जागची हलली नाही. तिने तिकिटं मुठीत धरली आणि ती घराच्या दिशेने वळली. बाबा गेले तेव्हा ती लोकांसमोर रडली नव्हती. आता रडणार होती.

माझं डोकंच फिरलं. संध्याकाळभर मला तिची लाज वाटत होती, त्याचाही राग त्यात होता. मी ओरडले, "फादर, तिला दान नकोय! तिला तिकीट वापरायचंय! एवढं कळत नाही तुम्हांला?"

पाळण्याच्या इंजिनाचा आवाज तेवढा उरला. फादरचे कान लाल झाले. मला माझे शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत. तेव्हा आईच वळली आणि शांतपणे म्हणाली, "फादर, तुम्ही लोंब्यांना आशीर्वाद देता. मग त्या आम्ही सडतो, शिजवतो आणि खातो. खाण्यासाठीच देता ना? मग तिकीट फाडायला काय झालं?"

फादरनी हात पुढे केला. तिकिटं घेतली, टेबलावर ठेवली, तळहाताने सपाट केली, आणि सावकाश, मधोमध, दोन्ही फाडली. अर्धी अर्धी आईला परत दिली. "रांग आहे," त्या मुलाला म्हणाले, "यांना सोडा आत."

पाळणेवाल्याने आडवी दांडी लावली. आईने पदर खोचला आणि दांडी दोन्ही हातांनी धरली. खाली पुरुष उभेच होते, माना वर करून. तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही. माणसं भरायला पाळणा थांबत थांबत वर जात होता. आम्ही अगदी टोकावर थांबलो तेव्हा सूर्य अजून पुरता बुडाला नव्हता. खाली सगळीकडे सिमेंटचे पत्रे, पाण्याच्या टाक्या आणि दोन धुरांडी.

"तू बापाच्या तिकिटावर बसलीयेस," आई म्हणाली. "तो असता तर त्याने दाखवलं असतं. आता तू दाखव. शेत कुठे?"

मला माहीत नव्हतं. त्या वसाहतीत मी दोन वर्षं रोज जात होते, पण रस्ते नवे होते, झाडं तोडली होती, आणि शेत होतं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मी एका लांब छपराकडे बोट केलं.

"तिथे नाय गं. ते दुसऱ्यांचं." तिने दांडीवरचा एक हात सोडला. "टेकडीचं टोक बघ. त्याच्या बरोबर खाली ती टाकी. टाकीपासून त्या निळ्या फाटकापर्यंत आपलं. फाटक आहे ना, तिथे आपला बांध होता."

ती त्यापूर्वी कधी वर बसली नव्हती. तरी तिचं बोट एकदाही चुकलं नाही. त्या निळ्या फाटकातून मी रोज सकाळी कामाला जात होते.

आई बराच वेळ बघत राहिली. मग तिने खाली, मैदानाकडे बघितलं. देवळाचं छप्पर, टेबलावरचा तो मुलगा, शेंगांची गाडी.

"एवढंच उंच होतं होय?" ती म्हणाली. "त्या दिवशी बसले असते तर काय झालं असतं गं?"

उत्तर द्यायचं होतं ते बाबांनी, आणि त्यांच्या जागेवर मी बसले होते.