मापात मारणारे गव्हाणे सर

गव्हाणे सर वर्गात आले की आधी डस्टर टेबलावर आदळायचे. सौर पॅनेलची सरळ वीज लाइनच्या लहरी विजेत कशी बदलते, हे ते असं फटक्यांनीच शिकवत. सुरुवातीला निसटते फटके, मधे दाबून धरलेले, शेवटी पुन्हा निसटते. "जोर तेवढाच ठेवायचा, बे. रुंदी बदलायची. तिनंच लहर घडती." बीडच्या कॉलेजात बसणारा आमच्या घरातला मी पहिलाच. इंग्रजी पुस्तक कळायचं नाही, हे फटके कळले.

ही वीज बदलणाऱ्या यंत्राला, म्हणजे मल्टिलेव्हल इन्व्हर्टरला, ते जिना म्हणत. "एकदम समदा जोर लावला की यंत्र बोंबलतं. पायरी पायरीनं चढव."

स्वतः मात्र ते एकदम भडकत. नेकनूरकडच्या एका सहकारी पाणी संस्थेचा सौरप्रकल्प त्यांनीच उभा केला आणि मला तिथे नोकरीला चिकटवलं. संस्थेला बाहेरच्या लाइनपासून तोडणारा मोठा खटका गंजून अडकला होता. "पुढच्या सभेत बघू, सर," असं चेअरमन म्हणाले, तेव्हा सरांचा चहाचा कप भिंतीवर फुटला. "माणूस मेल्यावर बघा!"

त्या वर्षीच्या दुष्काळात गावच्या चारा छावणीतली जनावरं आमच्या पंपावर जगत होती. एका दुपारी वावटळीने तार तुटली आणि लाइन मेली. लाइन मेली की इन्व्हर्टरनेही थांबायचं, ही अक्कल सरांनीच कंट्रोल कार्डात घातली होती. ती काढताही त्यांनाच येते, हे गावाला ठाऊक होतं.

सर प्रकल्पावर पोहोचले आणि संध्याकाळच्या आत तिथे जमाव आला. पुढे नामदेव, हातात पहार. सकाळीच त्याची गाय पडली होती.

"मास्तर, अजून ऊन हाय. पंप कावून बंद?"

"खटका अडकलाय. पंप चालू केला तर वीज लाइनीत जाईल. तिकडं तारंवर माणूस चढलाय."

"कोण माणूस?"

"मला काय ठावं! कुणाचा तरी असंल की बे!"

"जनावरं आमची मरायलीत, तुमची न्हाई!" कुणीतरी मागून ओरडलं. दगड आला, सरांचा कान फाटला. मला दोघांनी भिंतीला दाबलं होतं. सरांनी इन्व्हर्टरचं दार उघडलं. जमाव हरखला. सरांनी कार्ड उपसलं आणि गुडघ्यावर ठेवून कडाकड मोडलं. आता पंप कुणालाच चालू करता येणार नव्हता.

मग त्यांना मोजमाप न ठेवता मारलं. पहार उजव्या हातावर बसली, तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

तेवढ्यात फाटकात सायकल थांबली. कमरेला पट्टा, हात ग्रीसने काळे. लाइनवर रोजंदारीने चढणारा नामदेवचा धाकटा भाऊ सोपान. त्याला आतलं काहीच माहीत नव्हतं. "तार जोडली, सर. आता लाइन सोडत्याल," तो म्हणाला आणि रक्त पाहून थबकला.

नामदेवच्या हातातून पहार गळाली. तो सरांच्या पायावर कोसळला. "माझाच भाऊ होता, सर. माझाच होता."

सरांनी डाव्या हाताने त्याची कॉलर धरून त्याला वर ओढलं.

"आन् दुसऱ्याचा असता, तर चाललं असतं का बे?"

 

पंप इन्व्हर्टरशिवाय चालत नव्हता; लाइन आली तरी नवं कार्ड होईपर्यंत छावणीत आणखी जनावरं मेली. सरांनी ती जबाबदारी नाकारली नाही. "ती माझ्या माथ्यावर," म्हणायचे. खटका मात्र त्याच आठवड्यात बदलला. नवा खटका नामदेवने स्वतः खांद्यावरून आणला.

सरांचा उजवा हात पुन्हा सरळ झाला नाही. मरेपर्यंत डस्टर त्यांनी डाव्या हाताने आपटला. जोर कमी झाला होता. रुंदी कधी चुकली नाही.